कौसल्याताईंचा रफ

मागच्या लग्नसराईत बडनेऱ्याला एका लग्नात मी पंगतीत बसलो होतो. डीजेवर एक वऱ्हाडी गाणं जोरात सुरू होतं, पोरं घाम गाळून नाचत होती. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गानं फालतू हाये, पन मंधातली गिटार मस्त वाजवली राजा." मी मान डोलावली आणि वरण वाढून घेतलं. ती गिटार माझीच होती. पण तसं सांगितलं असतं तर गाणं फालतू का, हेही त्यांनी मला समजावून सांगितलं असतं आणि तोवर भात गार झाला असता.

मी सेशन गिटारवादक आहे. म्हणजे गाणं एकाचं, चाल दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं आणि मधल्या जागा तेवढ्या माझ्या. स्टुडिओतून फोन येतो, मी गिटार घेऊन जातो, हेडफोन लावून सांगतील ते वाजवतो आणि घरी येतो. राहायला अमरावतीला, काम निम्मं अकोल्याला. तरुणपणी ऑर्केस्ट्रात होतो, तिथून हे लागलं ते साठी उलटली तरी सुटलेलं नाही. बायको म्हणते, तुमच्या गिटारला पेन्शन नाही म्हणून तुम्हाला निवृत्ती नाही.

आमचं वर्ष हंगामावर चालतं. गणपतीच्या आधी आरत्या, नवरात्राच्या आधी देवीची गाणी, दिवाळी झाली की लग्नाची, संक्रांत झाली की एप्रिलच्या जयंतीसाठी भीमगीतं, होळीच्या तोंडावर बंजारा गाणी आणि अधूनमधून कव्वाली. सकाळी देवीपुढे वाजवलेले हात दुपारी डीजेच्या गाण्यात असतात. प्रत्येकाला गिटार वेगळी लागते. आरतीवाल्यांना ती असावी पण कळू नये असं वाटतं. लग्नवाल्यांना ती गल्लीच्या टोकापर्यंत कळावी लागते. अकोल्यातले एक बुजुर्ग कव्वाल माझं वाजवणं डोळे मिटून ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, "मियाँ, आपका बाजा बहुत शरीफ है. थोडी बदमाशी करवाओ इससे." मी केली. त्यांच्या दोन्ही तबलजींनी वळून पाहिलं. इतकी मोठी दाद मला पुन्हा मिळालेली नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. हिवरखेडच्या एका केळीवाल्यानं बायकोच्या वाढदिवसासाठी प्रेमगीत करून घेतलं. गाणं बरं झालं. चित्रीकरणात मात्र गिटार एका देखण्या मुलाच्या हातात दिली, आणि त्याला ती कुठून धरायची हेच ठाऊक नव्हतं. शेवटी मला बोलावलं, जवळून बोटं दाखवायला. "तुमालेच घेतलं असतं भाऊ," केळीवाले म्हणाले, "पन बायको म्हने चेहरा पाह्यजे." त्या मुलाचा जांभळा शर्ट मला पोटावर बसेना, म्हणून मी एका हातात फक्त बाही चढवली आणि वाजवलं. आजही त्या गाण्यात तो मुलगा मान झटकतो आणि लगेच त्याच्या हाताला माझ्या वयाची बोटं फुटतात.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

प्रवीणचा स्टुडिओ अकोल्यात एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. प्रवीण म्हणजे तिथला मालक, रेकॉर्डिंग करणारा आणि संगीत बांधणारा, सगळं एकच. आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना गाद्या ठोकल्यात, आत अकोटचा कापूस. तरीही गिरणीची घरघर येतेच, त्यामुळे गायकाचं काम गिरणीवाला जेवायला गेला की करायचं.

आता रफ म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाणं बांधायला घेण्याआधी गायकाकडून ते एकदा साधं गाऊन घेतात. आवाज पेटीच्या कोणत्या पट्टीत बसतो, लय किती, कडवी किती, हे ठरवायला. सोबत एखादी गिटार नाहीतर पेटी. हा रफ. त्याच्यावर मग बाकीची वाद्यं चढतात आणि शेवटी गायक येऊन खरा आवाज देतो. तो आला की रफ फेकून देतात. त्यामुळे रफ कुणी मनावर घेत नाही. गायक चहा पीत पीत गातो. गिटारवाला रफसाठी नव्या तारा लावत नाही, मीही कधी लावल्या नाहीत. घर बांधून झाल्यावर परांच्या कुणी बघतं का, तसं ते आहे.

कौसल्याताई तिवस्याच्या. अंगणवाडीत नोकरी केली, आता निवृत्त. उमेदीची सगळी वर्षं जयंतीच्या आणि बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमांत भीमगीतं गायल्या. नवरा देवराव ढोलकीवर. ताईंचा आवाज काळी पाचमधला, म्हणजे चांगलाच चढा, आणि त्या चढ्या आवाजाला एक खर, खरखरीत धार, होती. माइक बंद पडला तर त्या थांबत नसत, शेवटच्या रांगेतल्या बाया तरीही टाळ्या धरायच्या. इतकं गाऊनही त्यांचा स्वतःचा एकही अल्बम नव्हता. लोकांच्या मोबाइलमध्ये होतं ते, अर्धं गाणं आणि अर्धा गोंगाट. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं की आठ गाण्यांचा एक अल्बम करायचा, जयंतीच्या आत, चांगला.

संक्रांतीनंतर त्या रफ द्यायला अकोल्याला आल्या. हेडफोन पाहूनच त्यांनी हात जोडले. "कानात भोंगे घातले का मले माहाच आवाज परक्या बाईचा वाटते. भाऊ, तुमी समोर बसा, मी गाते." मग आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि प्रवीणनं मध्ये एकच माइक ठेवला. रफच तर होता. ताईंना थोडा खोकला होता, सर्दी झाली म्हणाल्या. एका कडव्यात वरचा सूर क्षणभर चिरकला, त्यांनी हातानंच 'असू द्या' केलं आणि पुढे गेल्या. माझी दुसरी तार जरा उतरलेली होती, मीही असू दिली. मध्येच मी "ताई, मुखडा पुन्हा" असं म्हणालो, तेही त्यात आहे. आठही गाणी झाली, आम्ही चहा प्यायलो आणि त्या तिवस्याची एसटी गाठायला निघाल्या.

पुढच्या आठवड्यात देवरावांचा फोन आला. खोकला बरा होईना म्हणून अमरावतीला डॉक्टरांना दाखवलं, तर स्वरयंत्रावर गाठ निघाली.

"आपरेशन कराव लागते म्हने. अन् तवपर्यंत गानं बंद, बोलनं बी बंद."

"गाठ कसली?"

"काढून तपासाले धाडतीन. मंग सांगतीन."

"आणि आवाज?"

देवराव म्हणाले, "डाक्टर म्हनते, पाहू."

मी प्रवीणला फोन केला. तो म्हणाला, "काका, म्हंजे आपल्याजवळ ताईचा रफच हाये फक्त." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आम्ही काय करून ठेवलंय. ताईंचा आवाज आणि माझी उतरलेली तार एकाच माइकमध्ये कायमची एकत्र बसली होती. प्रवीणकडे आवाज वेगळा काढणारं नवं सॉफ्टवेअर आहे, ते त्यानं चालवून पाहिलं. गिटार गेली खरी, पण यंत्राला ताईंची खरही कचराच वाटली, आणि ती त्यानं धुऊन काढली. उरला तो एक गुळगुळीत आवाज, कुणाचाही असावा असा. प्रवीणनं ते लगेच बंद केलं.

मग आम्ही रफलाच धरून गाणी बांधायचं ठरवलं. उलटं काम होतं. एरवी वाद्यं सुरात लावतात आणि गायक त्यावर गातो, इथे सगळ्यांना माझ्या त्या चुकार तारेशी जमवून घ्यावं लागणार होतं. मी दुसरी गिटार घेऊन पहिलीच्या भोवती वाजवत राहिलो, जिथे ती टोचते तिथे तिच्यावर पांघरूण घातलं. माझं ते "मुखडा पुन्हा" एका बासरीच्या तुकड्याखाली झाकलं. चिरकलेल्या सुराला मात्र आम्ही हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं नीट काम मी केलेलं नाही. रोज वाटायचं की ही बाई पुन्हा गाणार नाही, आणि हे आपल्याला नीट करायचंय. ते वाटणं वाईट होतं आणि त्यानं हात मात्र चांगला चालत होता.

ऑपरेशन झालं. अहवाल यायचा होता. त्या मधल्या दिवसांत देवराव ढोलकी वाजवायला अकोल्याला आले, कारण ठोक्याच्या यंत्राशिवाय गायलेल्या त्या गाण्यांवर दुसऱ्या कुणाची ढोलकी बसली नसती. हेडफोन लावला, पहिलं गाणं सुरू झालं, देवरावांचा हात दोन आवर्तनं चालला आणि थांबला. प्रवीणनं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पुन्हा थांबला.

"काय झालं भाऊ?" मी विचारलं.

"इथं कानात गाऊन राह्यली," ते म्हणाले, "अन् घरी चूप बसून हाये."

आम्ही खाली जाऊन गिरणीच्या ओट्यावर बसलो. गिरणीवाल्यानं काही न विचारता पाणी आणून दिलं. मग देवराव आपणहून उठले आणि आठही गाणी एका बैठकीत वाजवून तिवस्याला गेले.

त्यातली दोन गाणी मी मोबाइलमध्ये घेऊन ताईंना ऐकवायला तिवस्याला गेलो. त्यांच्या गळ्याला मफलर होता आणि बोलायची मनाई होती. देवराव त्यांच्या बाजूनं बोलत होते, तेही बहुतेक वेळा चुकीचं, आणि ताई त्यांच्याकडे पाहून डोळे वटारत होत्या. मी गाणं लावलं. ताईंनी मांडीवर ठेका धरला. दुसऱ्या कडव्यात त्यांचा हात पुढे गेला आणि गाणं मागं राहिलं. त्यांनी खूण करून थांबवायला लावलं, मांडीवर पुन्हा ठेका वाजवून दाखवला, तिथे तो धावला.

"ती म्हनते, इथं मी पळाली होती," देवराव म्हणाले. "पळू द्या म्हनते."

खरंच होतं. प्रवीणनं तिथली धावलेली लय यंत्रावर ताणून सरळ केली होती. तोंडातून शब्द न काढता बाईनं आमची चोरी पकडली. गाणं संपल्यावर मात्र त्यांनी दुसरं लावू दिलं नाही. मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि आत जाऊन चहा ठेवला. मला वाटलं, भरून आलं असेल.

अहवालाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत एका हळदीच्या गाण्यात होतो. मोबाइल थरथरला, मी गिटार मांडीवरून न काढताच उचलला.

"साधी हाये," देवराव म्हणाले. "गाठ साधी निंगाली भाऊ." मी ध्वनिमुद्रकाला दहा मिनिटं मागितली, खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर गिला वडा खाल्ला. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय. पण छातीवरून कुणीतरी ज्वारीचं पोतं उचलून नेलं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत एक वडा सहज मावला. वर जाऊन हळदीचं गाणं वाजवलं तर प्रत्येक जागा जरा जास्तच नाचरी यायला लागली. त्या नवऱ्यामुलाला काही तक्रार नव्हती.

आवाज हळूहळू आला. आधी बोलायची परवानगी, मग गुणगुणायची, मग व्यायाम. मार्चमध्ये ताई आणि देवराव अकोल्याला आले. जिना चढून त्या "जय भीम भाऊ" म्हणाल्या आणि क्षणभर मला त्यांची थोरली बहीण आलीय असं वाटलं. आवाज खाली आला होता. खर होती, पण जाड झालेली.

प्रवीणनं मोठ्या हौसेनं आठही गाणी लावली. ताई पाठ टेकून ऐकत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि कौतुकाची वाट पाहत होतो, हे कबूल करतो. शेवटचं गाणं संपलं.

"चांगलं केलं तुमी," त्या म्हणाल्या. "मेलेल्या मानसाच्या फोटोले हार घालते नं, तसं नीट केलं."

प्रवीण म्हणाला, "ताई, असं कावून बोलता? हा आवाज आता..."

"आता येनार नाही. मालूम हाये मले, म्हनूनच म्हनते. हे गानं गावोगावी वाजन. लोक काळी पाचमधली कौसल्या ऐकतीन. अन् जयंतीले मी स्टेजवर उभी राहीन, हा आवाज घेऊन. लोक म्हनतीन, बाईचं गेलं. मी हाये नं अजून. मले गाऊन राहाचं हाये. माह्याच गान्यानं मले कावून मागं टाकाव?"

मला राग आला. इतकी मेहनत, इतकं झाकणं-पांघरणं, आणि ते कुणी ऐकणारच नाही. मी म्हणालो, "ताई, हा आवाज पुन्हा मिळायचा नाही. नीट विचार करा."

"केला. चूप बसून दुसरं काय केलं मी? पुसून टाका ते, मी नव्यानं गाते."

देवरावांनी पिशवीतून ढोलकी काढली आणि दोरी ओढायला घेतली. नवरा कुणाच्या बाजूनं आहे ते कळलं.

मग पट्टी शोधायला बसलो. काळी चारमध्ये गळा ताणला जात होता. पांढरी पाचमध्ये तो बसला, आधीपेक्षा तीन पट्ट्या खाली. या वेळीही समोरासमोर, पण प्रवीणनं माइक दोन ठेवले आणि मध्ये एक गादी उभी केली. ताईंनी मुखडा घेतला. मी अगदी हळू वाजवत होतो, त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून, कुठे थकल्या तर सावरून घ्यावं म्हणून. पहिल्या कडव्याच्या आतच त्या थांबल्या.

"भाऊ, तुमी काय करून राह्यले?"

"वाजवतोय ताई."

"नाही. तुमी मले धरून चालून राह्यले. दवाखान्यातून आनल्यावानी. मी बरी झाली नं? मंग वाजवा नं मोकळं."

देवराव खाली पाहून हसले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. पुढच्या वेळी मी मोकळं वाजवलं, भीमगीताला लागतं तसं, आणि ताईंनी त्या जाड आवाजात शब्द असे टाकले की गादीपलीकडून मला ते छातीत कळले. वरच्या सुरापाशी त्या गेल्याच नाहीत. तिथे त्यांनी खालचाच सूर धरून ठेवला, लांब, आणि मी त्यावर वरची जागा घेतली. आधी असं काही ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात त्या पुन्हा पळाल्या. देवराव सोबत पळाले आणि मीही.

गाणं संपलं. ताई दमल्या होत्या. देवराव त्यांना कोमट पाणी द्यायला बाहेर गॅलरीत घेऊन गेले. आत मी आणि प्रवीण उरलो. पडद्यावर जुन्या आठ गाण्यांची यादी उघडी होती.

"काका," तो हळूच म्हणाला, "एक कापी ठिवू का? कोनालेच नाही ऐकवत. आपल्यापुरती."

माझ्या मनात 'ठेव' आलं होतं, अगदी जिभेवर होतं. त्यात माझं सगळ्यांत चांगलं काम होतं आणि मी गेल्यावरही ते राहिलं असतं. पण मग कळलं की ती कॉपी आम्ही एकाच दिवसासाठी ठेवली असती, ताई जातील त्या दिवसासाठी. त्या दिवसाची सोय करून ठेवायची आणि दर जयंतीला त्यांच्या समोर बसून वाजवायचं, हे मला जमलं नसतं. बाहेर त्या देवरावांना पाणी फार गरम आहे म्हणून बोलत होत्या, नव्या आवाजात, चांगलं मोठ्यानं.

"पूस," मी म्हणालो.

त्यानं पुसलं. ताई पदरानं तोंड टिपत आत आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि माझ्या गिटारकडे पाहून म्हणाल्या, "चाला भाऊ, दुसरं गानं घ्या. गिरनीवाला येईन जेवून."